जुन्या प्रीमियर पद्मिनीत स्विफ्टचं डिझेल इंजिन बसवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८५ची पद्मिनी दारात उभी आहे, पेट्रोल इंजिन ऑइल खातंय, तर अपघातात गेलेल्या स्विफ्टचं १.३ डिझेल तिच्यात बसवावं का, आणि आरटीओ त्याला मान्यता देईल का?

बसतं. मी बसवलंय. कागदावर मात्र ते चढलं नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राने नेमका हाच हट्ट धरला होता. "फियाटमध्ये फियाटचंच इंजिन घालतोय, परकं कुठं काय?" हे त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं डिझेल मुळात फियाटचं मल्टिजेट, आणि पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११००. पण नात्यातलं आहे म्हणून ते सरळ बसत नाही. स्विफ्टमध्ये इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं. पद्मिनीत ते गाडीच्या लांबीत बसतं आणि ताकद प्रॉपेलर शाफ्टने मागे जाते. म्हणजे स्विफ्टचा गिअर बॉक्स पहिल्याच दिवशी बाद.

आम्ही एका छोट्या टेम्पोचा ५ गिअरचा बॉक्स आणला. इंजिन आणि त्याचं बेल हाउसिंग (बॉक्सच्या पुढचं, क्लच झाकणारं घंटेसारखं कवच) यांच्यामध्ये घालायची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट मी बनवली. दोन्हीकडची भोकं जुळली की काम झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. खरं काम क्रँकचा (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचा) मध्य आणि बॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणण्याचं असतं. पहिल्या प्लेटवर डायल (बारीक फरक मोजायचा काट्याचा गेज) लावला तर काटा पाव मिलिमीटर हलला. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मित्र म्हणाला, "चालतंय की!" तशीच बसवली असती तर आधी क्लच सोडताना थरथर, मग बेअरिंगची घरघर, आणि थोड्याच दिवसांत बॉक्स खाली उतरवायची वेळ. ती प्लेट बाजूला टाकली आणि दुसरी ०.०५ मिमीच्या आत आणली. तीन रविवार त्यातच गेले. शिवाय स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर गेला आणि फ्लोअर कापून गिअरची काठी वर आली. माझ्या मते पद्मिनीची निम्मी मजा तिथेच संपली.

ऐंशीच्या दशकात असे उद्योग सर्रास चालायचे. माझ्या मामांच्या अँबॅसेडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल होतं. सिग्नलला गाडी उभी राहिली की आरसा असा थरथरायचा की मागच्या एका स्कूटरच्या चार दिसायच्या. पण त्या इंजिनाचा पंप मेकॅनिकल, त्याला डिझेल मिळालं की ते चाललं. स्विफ्टचं इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे त्यात डिझेल किती आणि कधी सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो; त्याचं तसं नाही. त्याला तो कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू लागतो, त्याच गाडीचं अख्खं वायरिंग, त्याच गाडीचं अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल आणि किल्लीसुद्धा तीच. आम्ही इंजिन भंगारातून आणलं तेव्हा किल्ली कोणी मागितलीच नाही. सेल्फ फिरायचा, इंजिन लागायचं नाही. दोन दिवस डिझेल लाइनमधली हवा काढत बसलो. शेवटी एका वायरमनच्या पोराने येऊन डॅशबोर्डवरचा लुकलुकणारा दिवा दाखवला: इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन लागू न देणारं कुलूप. त्या किल्लीतली चिप इंजिनाच्या किमतीत धरा.

इंजिनाचा चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, पुढच्या क्रॉस मेंबरवर टेकत होता, म्हणून तो कापून उथळ केला. सपाटीवर काही कळलं नाही. करूळ घाटात वळणावर ऑइलचा दिवा लागला. ऑइल एका बाजूला जायचं आणि ते ओढणाऱ्या नळीला हवा लागायची. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवरच उभा असतो. उतरताना आम्ही दोघंही गप्प होतो.

आता ताकदीचं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन चाळीसेक हॉर्सपॉवरचं. मल्टिजेट ७५चं, आणि टॉर्क १९० न्यूटन मीटर, म्हणजे जुन्याच्या दुपटीहून जास्त. तो सगळा जातो त्याच जुन्या क्राउन-पिनियनवर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांवर. चौथ्या महिन्यात दुसऱ्या गिअरमध्ये चढावर ‘कटक’ असा आवाज आला आणि पिनियनचे दात गेले. ब्रेक तर चारही ड्रमचेच. थांबता येत नसेल तर पिकअप घेऊन करायचं काय?

आरटीओचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पेट्रोलची गाडी सीएनजीवर नेता येते, कारण तिला मंजूर किट मिळतात. पेट्रोलचं डिझेल करायचं मंजूर किट मी आजवर पाहिलेलं नाही. पीयूसीवाला नंबर टाकतो तर आरसीवर पेट्रोल, आणि मागून धूर डिझेलचा. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला एवढं पुरतं.

आणि हिशोब? समजा वर्षाला २,००० किमी चालवता. पेट्रोलवर १२चं आणि डिझेलवर २०चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी वर्षाला सात-आठ हजार वाचतात. मित्राचे दीड लाखाच्या वर गेले, माझी मजुरी न धरता.

डिझेलच हवं असेल तर कंपनीनेच काढलेली पद्मिनी १३७डी शोधा, १३६६ सीसीच्या इटालियन एफएनएम इंजिनाची. ती संथ आहे आणि ठणठण वाजते, पण आरसीवर डिझेलच लिहिलेलं असतं. नाहीतर आहे त्या इंजिनाचं बोअरिंग करा, पिस्टन-रिंग बदला, व्हॉल्व्ह बसवून घ्या. ऑइल खाणं थांबेल. आणखी एक: २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. तुमची २०३५ मध्ये पन्नाशीची होईल.

मित्राने पिनियन गेल्यावर महिनाभर तोंड पाडलं आणि मग गोठ्यात पोत्याखाली ठेवलेलं जुनं इंजिन माझ्याकडे आणून टाकलं. ते उघडलं, बोअर केलं, परत बसवलं. मल्टिजेट एका स्विफ्टवाल्याला गेलं. ती पाव मिलिमीटर चुकलेली प्लेट अजून दुकानात आहे, चहाची किटली तिच्यावरच असते. कधी कोल्हापूरला आलात तर बघून जा.