झोप येत नाही म्हणून लवकर अंथरुणात जाऊ नकोस

प्रिय मुली,

परीक्षेच्या काळात उडालेली झोप अजून परत येत नाही, काय करू, हे विचारणारं तुझं पत्र नीट वाचलं आणि त्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, "हल्ली मी दहालाच आडवी होते, म्हणजे निदान थोडी तरी झोप पदरात पडेल". हे कोणीही करेल गं, झोप कमी पडतेय तर जास्त वेळ पडून राहू, सरळ हिशोब वाटतो. पण नेमका हाच हिशोब उलटा पडतो. दोन-चार रात्रींची उडालेली झोप महिनोन्महिने परत का येत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून आधी याच्यावर बोलूया.

आर्थर स्पीलमन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांची मांडणी मला फार पटते. काहींची झोप मुळातच हलकी किंवा स्वभाव काळजी करणारा असतो, मग एखादी घटना घडते, परीक्षा, नोकरीचं टेन्शन, ब्रेकअप, घरातलं आजारपण, आणि झोप उडते. इथपर्यंत आपल्या हातात फारसं काही नसतं. पण त्यानंतर झोप भरून काढायला आपण जे जे करतो, लवकर आडवं होणं, सकाळी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी तासभर झोपणं, दिवसभर कॉफी, त्यानेच ती सवय पक्की होते, इतकी की मूळ घटना संपून गेली तरी जागरण सुरूच राहतं. तुझी परीक्षा कधीच झाली ना?

आता झोप येते कशी ते समजून घे, कारण एकदा हे कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. १९८२ मध्ये झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी सांगितलं की झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची भूक, जागं झाल्यापासून ती वाढत जाते, मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि रात्रीपर्यंत डोळे जड होतात. दुपारी लांब झोप काढलीस की जेवणाआधी चरण्यासारखं होतं, भूकच मरते. आणि कॉफी-चहातलं कॅफिन ही भूक भागवत नाही, फक्त मेंदूला ती जाणवू देत नाही, आणि साधारण ५ तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं (माणसामाणसात बराच फरक पडतो, पण संध्याकाळी सहाच्या कॉफीचा विचार कर). दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ, ते मुख्यतः उजेडावर चालतं, सकाळी डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने त्याची वेळ लागते. रविवारी अकराला उठलीस की ते घड्याळ मागे सरकतं आणि मग रविवारी रात्री टक्क जागी, सोमवारची सगळी वाट. म्हणून झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ ठरवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झोप ओढून आणता येत नाही पण ठरल्या वेळी उठणं आपल्या हातात आहे. रात्र कशीही गेली तरी उठायचं, आणि लगेच बाहेर उजेडात जायचं, थोडं चालायचं.

आता तुझं रात्री दहा ते सकाळी आठ. अंथरुणात १० तास, आणि तूच म्हणतेस की झोप होते जेमतेम सहा तास. म्हणजे रोज चार तास तू गादीवर काळजी करण्याची प्रॅक्टिस करतेस, आणि मेंदू तेच शिकतो, अंथरूण म्हणजे विचार, अंथरूण म्हणजे धडधड. म्हणूनच सोफ्यावर पेंग येते आणि खोलीत जाऊन पडलं की झोप गायब, हे तू लिहिलंयस ना, यात विचित्र काही नाही, खूप जणांचं हेच होतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये यावर उपाय सांगितला तो आजही तितकाच चालतो. अंथरुणात फक्त झोपायचं, अभ्यास, मोबाईल, उद्याचं प्लॅनिंग तिथे नाही. डोळे मिटायला लागल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, आणि इथे एक फरक ओळखायला शीक, दमलेलं असणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. तू दमलेली असतेस पण झोप आलेली नसते, आणि तशीच जाऊन पडतेस. साधारण वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीकडे तोंड करून ठेव) किंवा चिडचिड सुरू झाली की उठायचं, मंद उजेडात काहीतरी शांत करायचं, कपड्यांच्या घड्या, आधी वाचलेलं पुस्तक, आणि डोळे जड झाले की परत यायचं. एका रात्रीत दोन-तीनदा उठावं लागेल. कंटाळा येईल, करच.

याच्याच जोडीला आहे ती अंथरुणातली वेळ कमी करण्याची पद्धत, आणि ऐकायला ही सगळ्यात उलटी वाटते. दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने लिहून ठेवायचं की किती वाजता पडले, किती झोपले असेन, कधी उठले. सरासरी सहा तास आली तर अंथरुणात सहाच तास, म्हणजे उठायची वेळ सात असेल तर रात्री एकच्या आधी आडवं व्हायचं नाही. सरासरी कितीही कमी आली तरी ५ तासांच्या खाली जायचं नाही. मग पडलेल्या वेळातला ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप लागायला लागली की आठवड्याला १५ मिनिटं वाढवत जायचं. पहिले काही दिवस जड जातात, दिवसा खूप पेंग येते, त्या काळात गाडी अजिबात चालवू नकोस. आणि फिट्स येत असतील किंवा बायपोलरचा (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा) त्रास असेल तर हे स्वतःच्या मनाने करायचंच नाही, कारण झोप कमी केल्याने ते बिघडू शकतं.

डोक्यात विचारांचा गोंधळ सुरू होतो त्याचं काय, तर ते विचार अंथरुणात नेण्याआधी कागदावर उतरव. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर युनिव्हर्सिटीच्या एका अभ्यासात झोपण्याआधी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. म्हणजे उरलेलं लिहायचं, आणि नेमकं लिहायचं, "प्रोजेक्ट" नाही तर "उद्या सरांना मेल". आणि एक युक्ती, मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारातून आलेली, पडल्यावर झोपायचा प्रयत्नच करायचा नाही, उलट अंधारात डोळे उघडे ठेवून शांतपणे जागं राहायचा प्रयत्न करायचा. झोपेची धडपड थांबली की भीती उतरते. मला हे सगळ्यात मनापासून सांगावंसं वाटतं, कारण तुझ्या लिहिण्यात झोपेपेक्षा "आज पण नाही आली तर?" हीच भीती जास्त दिसते. एखादी रात्र वाईट गेली तर पुढच्या रात्री शरीर गाढ झोपेचा वाटा वाढवून बरंचसं सांभाळून घेतं, गेलेला प्रत्येक तास मोजून परत मिळवावा लागत नाही. ते मनगटावरचं स्लीप स्कोअर दाखवणारं यंत्र मात्र काही दिवस काढून ठेव, रोज सकाळी मार्क बघून तुझा दिवस ठरायला नको.

दारूने झोप लागते असं मैत्रीण म्हणाली असेल, डोळा लागतो पटकन पण उत्तररात्री झोप तुटत राहते, तो मार्ग नकोच.

गोळ्यांचं विचारलंस. कधीकधी थोड्या दिवसांसाठी लागतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस आणि रोज घेत असशील तर एकदम बंदही करू नकोस, डॉक्टरांना सांगून हळूहळू. वर सांगितलेल्या सगळ्याला मिळून सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार करावा असं सांगितलंय. आठवड्यात तीन रात्री, असे तीन महिने झाले की त्याला जुनाट म्हणतात, तू तिथे पोचलीयस, म्हणून एकदा दाखवच. झोपेत जोरात घोरून श्वास अडकतो का, रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही का, थायरॉइड, हिमोग्लोबिन, हे बघून घेऊदेत. आणि दिवसाही सगळं नकोसं वाटत असेल, जगूच नये असं मनात येत असेल तर ते त्याच दिवशी कुणाला तरी सांग, मला सांग, दोन आठवडे थांबू नकोस.

बाकी उद्यापासून ती सकाळची नोंद सुरू कर, दोन-तीन ओळी पुरे. दोन आठवड्यांनी मला पाठव, डॉक्टरांनाही तीच दाखव, मग किती वाजता आडवं व्हायचं ते आपण मिळून ठरवू. तोपर्यंत अलार्म एकच, सातचा, सुट्टीलाही.

तुझी,
ताई