स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की स्टिरिओला कसं कळतं, आणि या लाइनमध्ये नोकरी आहे का?

सोलापूरहून ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. सुट्टीत ती मामांच्या कार डेकोरच्या दुकानात बसते. कंपनीचा स्टिरिओ काढून अँड्रॉइड स्टिरिओ बसवला की काही गाड्यांमध्ये स्टिअरिंगवरची बटणं बंद पडतात, मग मामा वायरिंगमध्ये एक छोटी डबी लावतात, दुकानात तिला कॅनबस डिकोडर म्हणतात, ती लावली की बटणं चालू. आत काय असतं विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही. बाबा म्हणतात रेडिओ बसवण्यात आयुष्य घालवू नकोस, जावाचा क्लास लाव, आणि पुण्यातल्या एका क्लासची फी पण विचारून आलेत. तिला विचारायचंय की या विषयात खरंच करिअर आहे का आणि असेल तर सुरुवात कुठून करू.

करिअर आहे, आणि चांगलं आहे. पण आधी त्या डबीचं सांगतो, कारण नोकरी नेमकी कशाची असते ते त्यातूनच कळेल.

कंपनीतून गाडीसोबत जो स्टिरिओ येतो त्याला हेड युनिट म्हणतात. बहुतेक नव्या गाड्यांत त्याच्या आत एक नाही, दोन कॉम्प्युटर असतात. एक मोठा प्रोसेसर, त्याच्यावर लिनक्स, अँड्रॉइड किंवा क्यूएनएक्स यांपैकी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि मॅप, गाणी, ब्लूटूथ, स्क्रीन सगळं तो बघतो. दुसरा छोटासा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमध्ये मावणारा कॉम्प्युटर, त्याचं काम गाडीशी बोलणं. दोन कशाला, तर मोठ्याला बूट व्हायला काही सेकंद लागतात आणि गाडी तर चावी फिरवल्या फिरवल्या बोलायला लागते, शिवाय गाडी रात्रभर उभी असताना हेड युनिटने अगदी थोडे मिलीअँपिअरच खायचे असतात नाहीतर चार दिवसांत बॅटरी उतरेल. म्हणून मोठा पूर्ण झोपतो, छोटा अर्धवट जागा राहतो, गाडीच्या वायरवर हालचाल दिसली की तो उठतो, मोठ्याला पॉवर देतो आणि तो मध्येच अडकला तर रीसेटही करतो. दोघं एकमेकांशी एसपीआय किंवा यूएआरटीवर बोलतात, या दोन चिपनी थोड्या वायरींवरून डेटा पाठवायच्या पद्धती. हो, तेच यूएआरटी जे तू मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला मार्कांसाठी केलंस.

हा छोटा गाडीशी बोलतो ते कॅनवर, म्हणजे कंट्रोलर एरिया नेटवर्कवर, गाडीतल्या सगळ्या छोट्या कॉम्प्युटरना जोडणाऱ्या सामायिक वायरींवर, यालाच कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने १९८३ मध्ये त्याच्यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटला ते जगासमोर मांडलं. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, कॅन हाय आणि कॅन लो. शांत असताना दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट, शून्याचा बिट पाठवताना एक साडेतीनला जाते आणि दुसरी दीडला येते. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणून बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावलास तर ६० च्या आसपास दाखवतो. १२० दाखवला तर समज कुठलं तरी एक टोक तुटलंय. हे मामांना पण दाखव, वायरिंगचा फॉल्ट शोधायला त्यांना रोज उपयोगी पडेल.

आता मजा बघ. कॅनवरच्या मेसेजमध्ये कोणी कोणाला पाठवलं हे लिहिलेलंच नसतं. वाड्याच्या चौकात एकाने हाक मारली की सगळी बिऱ्हाडं ऐकतात, ज्याचं काम असेल तो उठतो, तसं. मेसेजला फक्त एक आयडी आणि जुन्या क्लासिक कॅनमध्ये जास्तीत जास्त आठ बाइट डेटा. दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली तर ज्याचा आयडी लहान तो पुढे जातो, दुसरा गुपचूप थांबतो आणि नंतर परत पाठवतो, कोणाचाच मेसेज फुकट जात नाही.

समज एका मेसेजमध्ये हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) १० आणि ६८ असे दोन बाइट आले. जोडून दशमानात केले की ४२००. त्या कंपनीच्या तक्त्यात लिहिलंय की या आकड्याला ०.०१ ने गुणा, म्हणजे स्पीड झाला ४२ किलोमीटर. हेड युनिट हाच आकडा वाचून गाण्याचा आवाज वाढवतं आणि गाडी चालू असताना व्हिडिओ बंद ठेवतं. पण दुसऱ्या कंपनीच्या गाडीत तेच दोन बाइट इंजिनचं तापमान असू शकतात. या तक्त्याला डीबीसी फाइल म्हणतात, आणि कंपन्या ती सहजासहजी बाहेर देत नाहीत.

आणि तुझी डबी म्हणजे हेच सगळं. आत एक मायक्रोकंट्रोलर, एक कॅन ट्रान्सीव्हर (चिप आणि कॅनच्या वायरी यांना जोडणारा भाग), आणि त्या त्या गाडीचा तक्ता. गाडीतून 'व्हॉल्यूम वाढवा' असा कॅन मेसेज आला की डबी त्याचं भाषांतर करून यूएआरटीवर अँड्रॉइड स्टिरिओला देते. कंपनीच्या हेड युनिटमध्ये जे काम तो छोटा मायक्रोकंट्रोलर करायचा तेच. म्हणूनच स्टिरिओच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये गाडीचं मॉडेल चुकीचं निवडलं तर बटणं उलटसुलट चालतात. काही गाड्यांमध्ये मात्र बटणांच्या वायरी कॅनवर न जाता सरळ स्टिरिओपर्यंत येतात, प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स असतो, तिथे डबी लागत नाही, स्टिरिओच्या की वन आणि की टू वायरी जोडून बटणं शिकवली की झालं. हा फरक तू हाताने केलायस. कॉलेजातल्या बहुतेक मुलांनी तो बघितलेलाही नसतो, त्यामुळे इंटरव्ह्यूत हे नक्की बोल.

कंपन्यांना या बोलण्याची एवढी काळजी का, त्याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत २०१५ मध्ये दोन रिसर्चरनी घरी बसून, मोबाइल नेटवर्कवरून जीप चेरोकीच्या हेड युनिटमध्ये प्रवेश मिळवला. आधी मोठा प्रोसेसर ताब्यात घेतला, पण त्याला थेट कॅनवर मेसेज टाकता येत नव्हते, म्हणून त्यांनी त्याच्यामार्फत छोट्या चिपचं फर्मवेअरच (आत भरलेला प्रोग्रॅमच) बदललं, आणि मग हायवेवर पळणाऱ्या गाडीचं ट्रान्समिशन लांबून बंद पाडलं. आत एक पत्रकार बसलेला, त्याला हे होणार हे माहीत होतं तरी घाम फुटला. कंपनीला १४ लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. त्यानंतर हेड युनिट आणि ब्रेक-इंजिनच्या बसमध्ये गेटवे, म्हणजे ठरावीक मेसेजच पलीकडे जाऊ देणारा पहारेकरी, ठेवणं, फर्मवेअरवर डिजिटल सही तपासणं या गोष्टी सगळ्यांनीच फार गांभीर्याने घेतल्या, आणि आज ऑटोमोटिव्ह सायबर सिक्युरिटी ही वेगळी नोकरी आहे.

तू करायचं काय, तर माझं स्पष्ट मत, छोट्या चिपच्या बाजूला जा. मोठ्या प्रोसेसरच्या बाजूला जावा आणि कोटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा चालतात, म्हणजे बाबा सांगतायत ते वाया जाणारं नाही हे त्यांना सांग, पण तिथे गर्दी आहे आणि तुझी ई अँड टीसी तिथे कोणी विचारत नाही. छोट्या बाजूला सी भाषा लागते, पक्की, पॉइंटर आणि बिट ऑपरेशन झोपेत यायला हवेत. बाबांना वाटतंय की हे हार्डवेअरचं काम आहे, तर त्यांना हेही सांग की हे पूर्ण सॉफ्टवेअरचंच काम आहे, पुण्यात केपीआयटीसारख्या कंपन्या त्याच्यावरच उभ्या आहेत, गाड्यांच्या टेस्टिंगसाठी एआरएआय १९६६ पासून आहे, आणि पुणे-बंगळूरला गाडी कंपन्यांचे आणि त्यांच्या सप्लायरचे मोठे सेंटर आहेत.

एक गोष्ट मात्र मनात धरून ठेव, फ्रेशरला बऱ्याचदा सुरुवात टेस्टिंगने करावी लागते. कॅन लॉग (बसवरून गेलेल्या मेसेजच्या नोंदी) वाचायचे, रिव्हर्स टाकल्यावर कॅमेऱ्याचं चित्र किती वेळात आलं ते मोजायचं (अमेरिकेत दोन सेकंदांच्या आत यायलाच हवं असा नियम आहे, म्हणून मोठा प्रोसेसर बूट व्हायची वाट न बघता चित्र दाखवायची वेगळी सोय करतात), डायग्नोस्टिक (बिघाड तपासायच्या) कमांड पाठवून उत्तर तपासायचं. याला कमी समजू नकोस. दोन वर्षं लॉग वाचलेली व्यक्ती डेव्हलपमेंटला गेली की तिला बग कुठे लपतो ते माहीत असतं.

फी भरायच्या आधी फुकटातलं करून बघ. लॅपटॉपवर लिनक्स टाक, त्यात व्हीकॅन नावाची खोटी कॅन बस सुरू करता येते, एका खिडकीत मेसेज पाठवणारी कॅनसेंड कमांड, दुसरीत ते दाखवणारी कॅनडम्प, एकही वायर लागत नाही. ते जमलं की दोन एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड आणि दोन ट्रान्सीव्हर घे, एकावर बटणं, दुसऱ्यावर छोटा डिस्प्ले, मध्ये कॅन. इंजिनीअरिंगनंतर कोर्स करायचाच असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा (यंत्रांच्या आत बसवलेल्या कॉम्प्युटरचा) पीजी डिप्लोमा बघ, त्याला सीकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर फक्त ऐकायचं, ट्रान्समिट बंद ठेवून. आपल्या बोर्डावरून एकही मेसेज टाकायचा नाही, त्याच वायरीवर ब्रेकचं युनिट बसलेलं असू शकतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे ग्रुप लवकरच ठरतील. त्याआधीच गाइड सरांना भेटून कॅनचा विषय मागून घे, सी येणारा एखादा पार्टनर शोध, आणि प्रोजेक्ट विकत आणू या म्हणणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जाऊ नकोस.