ड्रिलिंग साइटवरची नोकरी: मुलीला पाठवावं का?

प्रश्न: मुलगी भूशास्त्रात एमएस्सी झाली. चंद्रपूरकडे कोळशाच्या शोधासाठी बोअर घेणाऱ्या कंत्राटदाराकडे नोकरी मिळतेय. रानात कॅम्पवर राहायचंय. पाठवावं का? – एक आई, सोलापूर

उत्तर: ताई, पाठवा. पण तिचं लॉगिंग, म्हणजे दगडांच्या थरांची नोंद, तपासणारा अनुभवी जिऑलॉजिस्ट साइटवर आहे का, ते आधी विचारा. तो नसेल तर वर्षभर चुकीच्या सवयी लागतात आणि त्या सुटता सुटत नाहीत.

तिचं खरं काम म्हणजे कोअर, बोअरमधून निघणारा दगडाचा लांब दंडगोल. एका रनमध्ये, म्हणजे कोअर एकदा वर काढण्यात, साधारण तीन मीटर दगड वर येतो. तो जपून धुवायचा, तुकडे जुळवायचे, वरून खाली याच क्रमानं बॉक्समध्ये लावायचे आणि रन संपला तिथं खोली लिहिलेला ठोकळा ठेवायचा. तीन मीटरच्या रनमध्ये २.७ मीटर हाती आला, तर रिकव्हरी ९० टक्के. त्यात दहा सेंटीमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज १.८ मीटर भरली, तर आरक्यूडी, म्हणजे दगड किती अखंड आहे त्याचं माप, ६० टक्के. ड्रिलिंगच्या धक्क्यानं कोअर मोडला असेल, तर ते तुकडे जोडून एकच धरायचे. ताज्या, खडबडीत मोडीवरून ते ओळखू येतं. नवी मुलं इथंच चुकतात आणि चांगला दगड कागदावर कमकुवत ठरतो.

वर्धा खोऱ्यात कोळसा बराकार नावाच्या खडकांच्या थरांत आहे. मऊ कोळसा बिटखाली, म्हणजे ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाखाली, चुरून पाण्याबरोबर निघून जातो, मग थर खऱ्यापेक्षा पातळ दिसतो. म्हणून कोळसा लागायच्या बेताला, रात्रीचे दोन वाजले तरी, रिगवर (ड्रिलिंगच्या यंत्रावर) हजर राहायचं आणि थराच्या छताची व तळाची खोली नंतर बोअरमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या गॅमा आणि घनतेच्या लॉगशी ताडून पाहायची. रॉडही, म्हणजे ड्रिलला एकापुढे एक जोडायच्या नळ्या, स्वतः मोजायचे. तीन मीटरचा एक रॉड मोजायचा राहिला की तिथून खालचे सगळे आकडे चुकतात. कोळशाचा नमुना लगेच पॉलिथिनमध्ये बांधायचा, नाहीतर ओलावा उडून जातो.

तुमची काळजी रास्त आहे, म्हणून ही चौकशी कराच: मुलींसाठी वेगळी खोली आणि शौचालय आहे का, रात्रपाळीला गाडी आणि सोबत मिळते का, सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, अंतर्गत तक्रार समिती आहे का. फिरत्या रॉडजवळ ओढणी किंवा सैल बाही नको, हेल्मेट आणि सेफ्टी शूज हवेतच.

यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यायची असेल तर पहिल्या वर्षापासून रोज थोडा अभ्यास चालू ठेवावा. कॅम्पवर सलग वेळ मिळत नाही. आणि नेमणूकपत्रात पद 'जिऑलॉजिस्ट' असंच लिहून घ्या. 'सुपरवायझर' लिहिलं असेल तर पुढच्या नोकरीत हा अनुभव धरला जाईलच असं नाही.