प्रतिकारशक्ती कमी असताना सर्दी तीन आठवडे हटत नसेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) चालू आहे, गणपतीत धरलेली सर्दी-खोकला तीन आठवडे झाले तरी जात नाही, आणि घरचे म्हणतात काढा घे, होईल बरं. मी गुहागरजवळच्या एका वाडीत राहते. सहा वर्षांपूर्वी आईची किडनी मला बसवली, तेव्हापासून शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड, रोज. औषधं वेगळी, पण सर्दीपुढे आपली दोघांची गत सारखीच.

बाकीच्यांची सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. आपल्याकडे तोच विषाणू कित्येक आठवडे मुक्काम करतो. म्हणून नुसत्या दिवसांनी घाबरू नका. पण तुमच्या बाबतीत खोकला तपासायलाच हवा. मेथोट्रेक्सेटने क्वचित फुप्फुसांनाच सूज येते, आणि तिची सुरुवात कोरड्या खोकल्याने, दम लागण्याने होते. शिवाय दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी टीबीसाठी तपासायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. छातीचा एक्स-रे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही बघून घ्या. पुढचा मेथोट्रेक्सेटचा डोस घ्यायचा की थांबवायचा, हे तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. मनाने बंद करू नका.

माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी भर पावसात असाच खोकला लांबला. मुंबईला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून जवळच दाखवलं. तिथे क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं. मी कुठल्या गोळ्या खाते हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी चहाचा कप हातात धरवेना, एवढे हात थरथरत होते. त्या औषधाने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढली होती आणि क्रिएटिनिन चढलं होतं, म्हणजे किडनीवर ताण आला होता. किडनी वाचली, पण आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून गोळ्यांची यादी पाकिटात असते. तुमच्यासाठी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक असंच घातक आहे, मेथोट्रेक्सेटसोबत ते अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या भागावर उठतं. तुमच्या यादीवर हे ठळक लिहा.

आता काढ्याचं. आल्याचा चहा, उकड्या तांदळाची गरम पेज, कुळथाचं कढण खुशाल घ्या, घशाला आराम पडतो. गुळवेल मात्र नको. तुमची गोळी ज्या प्रतिकारशक्तीला आवरून धरते, तिलाच ती चाळवते, आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर आधीच असतो. मला तर परसातलं पपनससुद्धा वर्ज्य आहे, त्यानेही टॅक्रोलिमस वाढतं. शेजारच्या काकूंना हे पटवायला मला दोन पावसाळे लागले.

नाक मिठाच्या पाण्याने धुतल्याने खूप हलकं वाटतं. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं कितीही नितळ दिसलं तरी तसंच नाकात घालू नका, त्यातले सूक्ष्मजीव नाकातून थेट आत जातात.

झोपण्याची जागाही बघा. आपल्याकडे पावसात गादीला, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. माझी खाट मी भिंतीपासून लांब, खिडकीकडे ओढली आणि गादी घरच्यांना बाहेर काढायला लावली. ती झटकायचं काम स्वतः करू नका, चुलीपासूनही लांब बसा. आरतीला लोक जमले की मी मास्क लावून पडवीतच थांबते. चाकरमानी भावंडांना आधी वाईट वाटायचं. आता तीच आपण खोकत असली की माझ्यापासून लांब बसतात.

तापाची वाट बघत बसू नका, स्टेरॉइड घेत असाल तर तो लपतो. १००.४ फॅरनहाइटला पोचला किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली आला, तर रात्र असली तरी निघा.

खोकला कोरडा आहे की कफ पडतो, ते कळवा. घाटी चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, तर मात्र मला उत्तर लिहीत बसू नका, आधी दवाखाना गाठा.