‘विषुववृत्तीय गिनी’ म्हणावे का?

मध्य आफ्रिकेतील देशांवर शाळेसाठी तक्ते करणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘इक्वेटोरियल गिनी’ला ‘विषुववृत्तीय गिनी’ म्हणणे कितपत बरोबर आहे, कारण विषुववृत्त त्या देशाच्या भूमीवरून जातच नाही. शिवाय त्याच्या झेंड्यावरील ‘रेशमी कापसाच्या झाडा’ला मराठीत काय म्हणतात?

शंका रास्त आहे. सुमारे २८,००० चौरस किलोमीटरच्या या देशाचा मुख्यभूमीवरील भाग, रिओ मुनी, विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे. बिओको बेट, ज्यावर मालाबो हे शहर वसले आहे, त्याहूनही उत्तरेस आहे. आणि आन्नोबोन हे चिमुकले बेट मात्र दक्षिण गोलार्धात दीड अंशाच्या आत आहे. म्हणजे विषुववृत्त या देशाच्या तुकड्यांमधून जाते, पण समुद्रावरून. (शेजारच्या साओ टोमे आणि प्रिन्सिपेच्या एका छोट्या बेटावरून ते खरोखर जाते, आणि त्या देशाच्या नावात मात्र त्याचा मागमूस नाही.)

तरीही ‘विषुववृत्तीय’ हा शब्द चुकीचा ठरत नाही, कारण ‘-ईय’ प्रत्ययाचा अर्थ ‘त्याच्याशी संबंधित’ असा आहे, ‘त्याच्यावर असलेला’ असा नव्हे. ‘विषुववृत्तीय वने’ म्हणताना आपण नेमक्या शून्य अंशावर उभी असलेली झाडे मोजत नाही. ‘विषुववृत्तावरील गिनी’ असे लिहिले असते, तर ती तथ्याची चूक झाली असती. मुळातील ‘गिनेआ एक्वातोरियाल’ या स्पॅनिश नावातले विशेषणही असेच सैल आहे.

भाषांतर करावे की नाही, याला मात्र पक्का नियम नाही. ‘दक्षिण कोरिया’ आणि ‘मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक’ आपण सहज लिहितो, पण ‘पापुआ न्यू गिनी’तील ‘न्यू’ला कोणी ‘नवी’ करत नाही आणि ‘एक्वादोर’चा अर्थच विषुववृत्त असूनही त्याला तसे म्हणत नाही. मी स्वतः शीर्षकात ‘इक्वेटोरियल गिनी’ लिहीन, कारण नकाशात तेच शोधावे लागते, आणि पहिल्या वाक्यात ‘विषुववृत्तीय’ हा अर्थ देईन. एकटे ‘गिनी’ मात्र टाळावे; तो कोनाक्री राजधानी असलेला वेगळा देश आहे, आणि आपल्याकडे तर हा शब्द ऐकून कुणाला सोन्याचे नाणे आठवते, कुणाला गुरांच्या चाऱ्याचे गवत.

आता झाड. इंग्रजीतील ‘सिल्क कॉटन’ हे नाव दोन वेगळ्या वृक्षांना लावले जाते, त्यामुळे शब्दशः भाषांतराने घोटाळा होतो. लाल फुलांची ती आपली काटेसावर, म्हणजे शाल्मली. झेंड्यावरचा वृक्ष फिकट फुलांची पांढरी सावर, अर्थात ‘सेइबा पेंटँड्रा’ आहे. तिच्या बोंडातला मऊ कापूस उशांत भरतात. तयार नाव असताना ‘रेशमी कापसाचे झाड’ हा आडवळणी शब्दप्रयोग कशाला?

तक्त्यासाठी वर्णन असे लिहिता येईल: ‘वरून खाली हिरवा, पांढरा, लाल असे तीन आडवे पट्टे, काठीला लागून निळा त्रिकोण, मधल्या पट्ट्यावर रुपेरी ढालीत पांढरी सावर, तिच्या वर सहा पिवळे तारे, आणि खाली “एकता, शांती, न्याय” या अर्थाचे स्पॅनिश ब्रीदवाक्य.’ सहा तारे म्हणजे मुख्यभूमी आणि पाच बेटे; निळा रंग त्यांना जोडणाऱ्या समुद्राचा. १२ ऑक्टोबर १९६८ या तारखेपुढे ‘स्पेनपासून स्वातंत्र्य’ असे लिहावे, कारण मुख्यतः फ्रेंच अमलाखाली राहिलेल्या कॅमेरून आणि गॅबन या शेजाऱ्यांमुळे मुले इथेही फ्रान्स लिहून मोकळी होतात.