हिरवा बटाटा, लाल वेफर्स आणि न शिजणारा रस्सा

उपवासांचे दिवस आले की बटाट्याचे तेच ते प्रश्न येतात. आधी उत्तरं देऊन झालेली आहेत. पण शेजारणीने काय सांगितलं आणि मोबाइलवर काय फिरतंय यावर लोकांचा भरवसा अधिक. म्हणून पुन्हा एकदा.

कुकरमध्ये बटाटे फुटतात. शिट्ट्या किती घ्याव्यात? (नाशिक)

मध्यम बटाट्यांना मध्यम आचेवर दोन, आणि कुकरमध्ये सगळे एका मापाचे ठेवा.

वड्याचं सारण चिकट होतं. गुठळी राहू नये म्हणून मिक्सरला फिरवते. (डोंबिवली)

तिथेच बिघडतं. पात्याने बटाट्याच्या पेशी फाटतात, आतला शिजलेला स्टार्च बाहेर पडतो आणि खळ तयार होते. त्या खळीत बेसन घाला नाहीतर ब्रेडचा चुरा, वडा चिकटच लागणार. बटाटा सालासकट, न चिरता उकडा. गरम असतानाच सोलून ताटात पसरा, वाफ जाऊ द्या आणि पूर्ण गार झाल्यावर हाताने कुस्करा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, वड्यात त्या छान लागतात.

बटाटाही तपासा. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा. त्यात बुडेल तो पिठूळ, वड्याला आणि तळायला. तरंगेल तो चिकण, रश्शाला आणि काचऱ्यांना. ‘खास वड्याचा’ म्हणून चार रुपये जास्त घेणाऱ्या दुकानदारापेक्षा हे पातेलं विश्वासू आहे.

रस्सा अर्धा तास उकळला तरी फोडी कडकच. आमसूल फोडणीतच घालते. (चिपळूण)

आमसुलामुळेच. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सुटत नाही. चिंच, टोमॅटो, ताक यांनीही तेच होतं. फोडी बोटाने दबायला लागल्या की मग आमसूल घाला.

बटाट्याचा कीस कडसर लागला. बटाटे जरा हिरवट होते, पण सासूबाई म्हणाल्या मिठाच्या पाण्यात ठेवले की निघून जातं. काल रात्रीपासून दोघांना उलट्या होताहेत. काय करावं? (सोलापूर)

पत्र लिहिण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. हे वाचेपर्यंत गेला नसाल तर आत्ता जा आणि काय खाल्लं ते स्पष्ट सांगा. उरलेला बटाटा सोबत न्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि त्यांच्यापैकी कुणीही तो कीस खाल्ला असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका.

आता बाकीच्यांसाठी. हिरवा रंग हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही. पण ज्या उजेडाने बटाटा हिरवा होतो, त्याच उजेडाने सालीत सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यं वाढतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून रंगाला इशारा मानायचं. किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सामान्यतः सुरक्षित धरतात. हिरव्या सालीत आणि कोंबात ते कितीतरी जास्त असू शकतं. मिठाच्या पाण्याने ते निघत नाही, उकडून किंवा घरच्यासारखं तळून नष्टही होत नाही. ‘शिजवलं की सगळं मरतं’ हे जंतूंच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं, इथे नाही.

कीस याला सगळ्यात वाईट. एकच हिरवा बटाटा किसला की परातभर मिसळतो आणि मिरची, जिरं, दाण्याचं कूट मिळून कडूपणा झाकतात. किसण्याआधी सोलून प्रत्येक बटाटा उजेडात फिरवून बघा. हिरवा ठिपका एखादाच असेल तर भोवतीचा भाग जाड कापून टाका. बराच भाग हिरवा असेल तर अख्खा बटाटा टाका. कोंब खोल खणून काढा. सुरकुतलेला, मऊ पडलेला बटाटा घेऊच नका. शंका असेल तर कच्चा कीस चिमूटभर जिभेला लावून थुंका. कडू लागला, घसा चरचरला की परात रिकामी करा. उपवासाला साबुदाणा आहे, भगर आहे.

आणि ती धुतलेल्या, चकचकीत बटाट्यांची पारदर्शक पिशवी. ट्यूबलाइटखाली दिवसच्या दिवस मांडलेली असते. अंगावरची माती गेली की उजेड थेट सालीवर. स्वच्छ दिसतो म्हणून पैसे जास्त मोजता आणि हिरवा होणारा बटाटा घरी आणता. मातीचाच घ्या, अंधाऱ्या, हवेशीर जागी गोणपाटाखाली ठेवा, कांद्यापासून लांब.

उन्हाळी वेफर्स तळल्यावर लाल होतात. तुरटी कमी पडते का? (अमरावती)

नाही. तुरटीने काप घट्ट राहतात, साखर जात नाही. फ्रिज किंवा शीतगृहाच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तीच तेलात लाल पडते. 120 अंशांच्या वर त्यातून अ‍ॅक्रिलामाइड हा नकोसा पदार्थही तयार होतो, म्हणून लाल वेफर्स ‘खमंग’ समजू नका. असे बटाटे दोन-तीन आठवडे घरच्या तापमानाला, अंधारात ठेवले तर साखर बरीच उतरते. वेफर्ससाठी कुफरी चिप्सोना जातीचा बटाटा मिळाला तर उत्तम.

मधुमेहींसाठी ‘शुगर-फ्री’ बटाटा चालतो का? (पुणे)

हा शब्दच फसवा आहे. तो बटाटा 10-12 अंशांवर साठवलेला असतो, म्हणून गोडसर होत नाही आणि तळल्यावर पांढरा राहतो. स्टार्च तेवढाच असतो, आणि पोटात त्याची साखरच होते. किती खायचा ते तुमचे आकडे पाहून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील, पिशवीवरचं लेबल नव्हे.

किडनीच्या रुग्णाला बटाटा दोनदा उकळून द्यावा असं ऐकलं. (कोल्हापूर)

लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकळल्या आणि ते पाणी फेकलं तर पोटॅशियम कमी होतं, संपत नाही. नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

काचऱ्या कढईला चिकटतात. (ठाणे)

काप धुऊन फडक्यावर कोरडे करा, तेल नीट तापल्यावर टाका आणि मीठ शेवटी घाला.