पाव्हणं, तारीख नको, तिथी सांगा

(वाचकांचे प्रश्न. उत्तरे देणाऱ्या बाई खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर शिक्षिका होत्या. माहेर बेळगावच्या पश्चिमेकडचे.)

प्रश्न : बाई, माघ पौर्णिमेच्या सुमारास आईला (वय ७२) घेऊन पुण्याहून गाडीने येतोय. सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन, गोकाकचा धबधबा, हलशीचं देऊळ आणि बेळगाव शहर, शनिवार-रविवारात एवढं बसेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बसेल की! गाडीत बसेल. आईसुद्धा दोन दिवस गाडीतच बसून राहतील.

पहिलं म्हणजे पुनव तुमची सुट्टी बघून येत नाही. आमच्याकडचं सगळं तिथीवर चालतं, तेव्हा आधी पंचांग उघडा. यल्लम्माच्या डोंगरावरची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि चैत्रापर्यंत चालते. मार्गशीर्षातल्या पुनवेला जुनी माणसं रांडाव पुनव म्हणतात. कोल्हापूरकडची गर्दी तेव्हा जास्त. माघातली भरत पुनव म्हणजे पुन्हा लाखांचा लोट. भंडारा इतका उधळलेला असतो की पांढरी गाडी पिवळी होऊन परत येते. ‘उदो गं आई उदो’च्या गजरात सत्तरी ओलांडलेल्या बाईला रांगेत उभं करणं मला पटत नाही. देवी कुठे जात नाही. पुनव, मंगळवार आणि शुक्रवार सोडून एखाद्या साध्या वारी या. डोंगराखालच्या जोगुळभावीच्या कुंडावर पाय धुवून वर जा, निवांत दर्शन होईल.

पुनवेचीच हौस असेल तर आईंना घरी ठेवून एकटे चिंचलीला या. रायबाग तालुक्यात मायाक्काची जत्राही माघातलीच. मिरज-बेळगाव रेल्वेवर चिंचली स्टेशन आहे, त्यामुळे गाडी कुठे लावायची हा घोर नाही. सांगली-कोल्हापूरकडचे धनगर ढोल आणि घोंगडी घेऊन येतात, रात्रभर माळावर मुक्काम. मला सौंदत्तीपेक्षा चिंचली आवडते. तिथे जत्रा अजून जत्रेसारखी वाटते.

गोकाक मात्र यादीतून खोडा. घटप्रभेचं पाणी वर हिडकलच्या धरणात अडवलेलं, माघात गेलात तर नुसता खडक बघून याल. जुलै ते सप्टेंबरात या, तेव्हा १७० फुटांवरून लाल पाणी कोसळतं आणि समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शेजारी जुनी सूतगिरणी आहे. १८८७ साली याच पाण्यावर तिथे वीज तयार केली गेली, हे मुलांना दाखवण्यासारखं. जाताना करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, घ्या. बेळगावचा कुंदा हवाच असेल तर तोही घ्या, पण आईंना साखर असेल तर दोन्ही लपवून ठेवा.

हलशी राहिली. तिला वेगळा दिवस द्या, खाली लिहिलंय.

प्रश्न : सीमाभागात खेड्यापाड्यांत साहित्य संमेलनं होतात असं ऐकलं. बाहेरच्या माणसाला येता येतं का? नोंदणी, तिकीट?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. धबधबा सगळे विचारतात.

नोंदणी नाही, तिकीट नाही, पास नाही. यायचं आणि बसायचं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, तिकडे निपाणीच्या बाजूला कारदगा, ही सगळी शेतकऱ्यांची गावं. भाताची मळणी आटोपली की डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान एकेका रविवारी एकेका गावाचं संमेलन. गावातच वर्गणी निघते, गावातच मांडव पडतो. बेळगावचे मराठी पेपर चार दिवस आधीपासून बातम्या छापतात, त्या बघून रविवार ठरवा.

सकाळी लवकर या, ग्रंथदिंडी चुकवू नका. गल्लीत सडा घातलेला असतो, दारोदार रांगोळी. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा. पुढे शाळेची पोरं लेझीम खेळतात, मागे भजनी मंडळ, त्यामागे फेटे बांधलेल्या बायका. दारात पालखी आली की घरची सून तांब्या घेऊन बाहेर येते, पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, पुस्तकांना हळद-कुंकू वाहते. त्या घरात त्या पुस्तकातली ओळ कुणी वाचली असेल-नसेल, पाया मात्र सगळे पडतात. शहरातल्या संमेलनात पुस्तकाला एवढा मान मी बघितला नाही.

मग उद्घाटन आणि भाषणं. भाषणं लांबतात, हे आधीच सांगते. स्वागताध्यक्षांचे आभार मानण्यातच एक तास जातो. तेवढ्यात मागे जाऊन पुस्तकांचे स्टॉल बघून घ्या. जेवणाला मात्र वेळेवर हजर व्हा. पत्रावळीवर भात, आमटी, भाजी आणि बहुतेकदा हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली गव्हाची खीर. वाढणारे तरुण मंडळातले, आग्रह असा की नको म्हणायला हात पत्रावळीवर आडवा धरावा लागतो. हजार-दोन हजार माणूस जेवून उठतं आणि कुणी तुम्हाला कुठल्या गावचे म्हणून विचारलं तर ते हिशेबासाठी नव्हे, ओळख निघते का ते बघण्यासाठी.

दुपारनंतर कथाकथन आणि कविसंमेलन. इथे पुढच्या सोफ्यावर बसू नका. मागच्या ओळीत बायकांच्या आसपास बसा. गेल्या हिवाळ्यात माझ्या शेजारी एक म्हातारी मांडीवर परडी घेऊन पावटा सोलत बसली होती. ऊसबिलाची कविता सुरू झाली तसा तिचा हात थांबला. कवी ट्रॅक्टरचा हप्ता, कारखान्याची थकबाकी असं एकेक मोजत होता आणि ही प्रत्येक ओळीला मान हलवून ‘खरं हाय बगा’ म्हणत होती. पुढची प्रेमकविता लागली, पुन्हा पावटा सुरू.

हे सगळं हौसेखातर चालतं असं समजू नका. बेळगावात अखिल भारतीय संमेलन १९२९, १९४६ आणि २००० साली झालं, आणि १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव मैसूर राज्यात गेलं. मराठी शाळांचे पट कमी होत गेले, तसा गावांनी संमेलनांना जोर लावला. शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. वाचायची सवय आम्हाला कुणी नव्याने लावलेली नाही.

येताना एक करा, स्टॉलवरून दोन पुस्तकं विकत घ्या. विक्रेते पुण्या-कोल्हापूरहून गाडीभाडं खर्चून आलेले असतात.

प्रश्न : आमचं मूळ गाव बेळगाव तालुक्यात. बऱ्याच वर्षांनी महालक्ष्मी यात्रा ठरली आहे, चुलत्यांचं बोलावणं आलंय. मी मुंबईत वाढले, काहीच माहीत नाही. काय न्यायचं, कसं वागायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लेकी, हॉटेल बुक केलं असशील तर आधी रद्द कर. चुलते तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पुढची यात्रा येईपर्यंत विसरणारही नाहीत.

ही यात्रा दरवर्षीची नसते. कुठे पाच वर्षांनी, कुठे बारा, कुठे पंचवीस. म्हणून घरं रंगतात, माहेरवाशिणी झाडून सगळ्या येतात, एकेका घरात पन्नास-साठ माणूस. यात्रेच्या आधी कित्येक गावं वार पाळतात, म्हणजे मंगळवार-शुक्रवार औत शेतात जात नाही. मुख्य दिवशी पहाटे उठायचंच. सूर्य उगवायच्या वेळी देवीचं लग्न लागतं, त्याला अक्षतारोप म्हणतात. सगळं गाव वऱ्हाडी. त्या क्षणी फोन वर धरून शूटिंग करत बसू नकोस, मुठीतल्या अक्षता टाक. मग देवी रथातून गावभर फिरते आणि गदगेवर, म्हणजे मांडवातल्या तिच्या आसनावर बसते. ओटी भरायची रांग तिथे. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, तांदूळ मुंबईहूनच आण. यात्रेत सगळ्याचा भाव दुप्पट.

चुलतीसाठी साडी ने, तीही तुला नेसवेल, हिशेब फिटतो. अंथरुणाला एक चादर स्वतःची असू दे. गाडी वेशीबाहेर लाव. मटणाचा दिवस कुठला ते आधी विचारून ठेव आणि तू खात नसशील तर ते स्वयंपाकघरात जाऊन हळूच सांग, पंगतीत नको. शेवटच्या दिवशी देवी सीमेकडे जाते, त्या संध्याकाळपर्यंत थांब. अक्षता टाकून परत पळणारे पाहुणे गावाला आवडत नाहीत.

प्रश्न : मी फोटोग्राफी शिकतो. सौंदत्तीला जोगती-जोगाप्पांचे (यल्लम्माला सोडलेल्या बायका आणि बाईच्या वेशात राहणारे भक्त) फोटो काढायचे आहेत. काही टिप्स?
– एक विद्यार्थी, मुंबई

उत्तर : आधी विचारायचं, मग काढायचा. नको म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. पाचशेची नोट दाखवून नाच म्हणायचं नाही. मुली देवाला सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे. त्या प्रथेत आयुष्य गेलेल्या बायका आजही तिथे भेटतील. त्यांच्या डोक्यावरचा जग (देवीची टोपली) आणि हातातलं चौंडकं (एकतारी वाद्य) तुम्हाला फ्रेम म्हणून दिसतं. त्यांच्या शेजारी तासभर बसा, गाणं ऐका. फोटो नाही मिळाला तरी चालेल.

प्रश्न : महाराष्ट्राच्या नंबरची गाडी घेऊन यायला भीती वाटते. कन्नडही येत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : वर्षातले बहुतेक दिवस कुणी तुमच्या नंबरप्लेटकडे बघत नाही. १ नोव्हेंबर टाळा. त्या दिवशी बेळगावात एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिन असतो. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तेव्हाही बातम्या बघून निघा, कारण ताणलं की पहिल्यांदा दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात. भाषेचं म्हणाल तर खानापूर, बेळगाव, निपाणीत मराठी चालते. सौंदत्ती-बैलहोंगलकडे कन्नड लागेल, पण तिथला दुकानदारही मोडकंतोडकं बोलून माल विकतोच. आणि बायकांनो, कर्नाटकच्या सरकारी बसमध्ये ११ जून २०२३ पासून बायकांना तिकीट नाही, हे खरं. पण ते इथल्या रहिवाशांना. कंडक्टर कार्डावरचा पत्ता बघतो. महाराष्ट्राचं आधार दाखवून वाद घालू नका, मागे गर्दी खोळंबते.

प्रश्न : गर्दी नको, शांत काही सुचवा.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हलशी. खानापूरहून नंदगडमार्गे जा. नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आणि वड आहे. इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला त्याला तिथेच फाशी दिली. पुढे हलशी, कदंबांची जुनी राजधानी. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधे उभं राहिलं की कुणाकडे पाठ करायची हा प्रश्न पडतो. पुजारी घरी गेला असेल तर पोरं बोलावून आणतात. सोबत डबा घ्या. परतताना खानापुरात मातीची भांडी घ्या, इथली लाल माती कुंभारकामाला नावाजलेली.

प्रश्न : खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघितलं. महादेवासमोर नंदीच नाही! कुठे गेला?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आमच्याकडे आहे. चिक्कोडी तालुक्यात, कृष्णेकाठी येडूरला. गोष्ट अशी सांगतात की सती बापाच्या यज्ञाला नंदीवर बसून माहेरी आली, तिने तिथेच देह टाकला, आणि नंदी काही परत गेला नाही. तिकडे महादेव कोपून बसला, म्हणून कोपेश्वर. येडूरला दक्षाचा यज्ञ मोडणाऱ्या वीरभद्राचं मोठं देऊळ आहे, तेही बघा. पावसाळ्यात जाऊ नका, कृष्णा फुगली की तिकडचे पूल पाण्याखाली जातात. दिवाळीनंतर जा.